अतिविचार: परीक्षा, मैदान आणि निर्णयाच्या वेळी मनाचे काय होते?



संध्याकाळी बल्लारपुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. एका बाकावर पोलीस भरतीचे पुस्तक, शेजारी एमपीएससीचे, कोपऱ्यात नीटची तयारी करणारी मुलगी. कुणाचे वडील पेपर मिलमध्ये होते, कुणाचे आजोबा कोळसा खाणीत, कुणाचे मामा रेल्वेत. त्या पिढीला जशी कायम नोकरी लागली तशी आपल्याला लागणार नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून अभ्यासही जास्त आणि डोक्यातला गोंगाटही जास्त.

आम्ही याच बाकांवर बसणारे लोक. आमच्यातल्या एका मित्राने गेल्या परीक्षेत सोडवलेली अकरा उत्तरे शेवटच्या दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा तपासली आणि तोवर शेवटचे पान सोडवायचे राहून गेले. त्याला येत नव्हते असे नाही. घरी आल्यावर मोठा भाऊ म्हणाला, "इतका विचार कायले करतं बे?" प्रश्न बरोबर होता. पण "विचार करू नको" म्हटल्याने विचार थांबत नाही. म्हणून अतिविचार म्हणजे काय, त्याने कामगिरी आणि निर्णय कसे बिघडतात, मानसशास्त्राला याबद्दल काय कळले आहे आणि आपल्या धम्मात याबद्दल काय सांगितले आहे, ते इथे एकत्र मांडत आहोत.

विचार आणि अतिविचार

आधी एक गैरसमज दूर करू. विचार करणे वाईट नाही. आपण ज्यांना बाप मानतो त्या बाबासाहेबांनी आयुष्यभर दुसरे काय केले? फरक असा की विचार पुढे सरकतो, अतिविचार गोल फिरतो. विचारातून माहिती, पर्याय किंवा कृती निघते. अतिविचारातून तोच प्रश्न नव्या शब्दांत परत येतो.

अतिविचाराचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. एक मागचा: "मी तसे का केले, माझ्याच बाबतीत असे का होते". याला मानसशास्त्रात रुमिनेशन म्हणतात, आपण त्याला रवंथ म्हणू. दुसरा पुढचा: "नापास झालो तर, लोक काय म्हणतील, वय निघून गेले तर". ही चिंता. दोन्हींमध्ये माणूस कामात आहे असे त्याला स्वतःला वाटते, पण काम होत नसते.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी रवंथ करण्याच्या सवयीवर दीर्घ काळ संशोधन केले. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या काही दिवस आधीच त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि विचारांच्या सवयींची नोंद घेतलेली होती. भूकंपानंतर पुन्हा पाहिले तेव्हा आधीपासून रवंथ करण्याची सवय असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे जास्त आढळली. भूकंप सगळ्यांसाठी सारखाच होता, फरक त्यानंतर मनात काय चालले यात होता.

परीक्षेत मेंदूचे काय होते

गणित सोडवताना आकडे, सूत्र आणि पुढची पायरी हे सगळे काही क्षण डोक्यात धरून ठेवावे लागते. या जागेला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती फार लहान असते. चिंता हीसुद्धा एक प्रकारची आकडेमोडच आहे. "कटऑफ किती लागेल" हा विचार त्याच लहान जागेत येऊन बसतो आणि गणिताला जागा उरत नाही. सोपे गणित चुकते ते यामुळे. सियान बायलॉक आणि थॉमस कार यांच्या २००५ च्या अभ्यासात तर असे दिसले की ज्यांची कार्यस्मृती मोठी, म्हणजे एरवी जे हुशार, तेच दडपणाखाली जास्त घसरले. दडपणाने नेमकी त्यांची जमेची बाजूच हिरावून घेतली.

मैदानावर थोडे वेगळे घडते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. गोळाफेक आपण शेकडो वेळा केलेली असते, शरीराला ती पाठ असते. पण भरतीच्या दिवशी आपण "कोपर कुठे आहे, पाय कधी फिरवायचा" असे एकेका अवयवाकडे बघू लागतो आणि पाठ झालेली हालचाल अडखळते. गोल्फ खेळाडूंवरच्या प्रयोगांत हेच दिसले आहे. यावर उपाय साधा आहे: सरावाच्या दिवसांत तंत्राचा विचार करा, चाचणीच्या दिवशी गोळा कुठे पडायला हवा त्या जागेकडे बघा.

जातीची सावली

आपल्या वाचकांसाठी पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तो "टेन्शन घेऊ नका" छापाच्या लेखांत कधी येत नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तथाकथित उच्च जातीची ३२१ आणि तथाकथित खालच्या जातीची ३२१ मुले. काम होते कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवण्याचे, आणि सोडवलेल्या कोड्यांनुसार पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी सारखीच होती. मात्र सगळ्यांसमोर नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा खालच्या मानलेल्या जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती आणि मुलांची बुद्धीही तीच होती. बदलली ती फक्त खोलीतली हवा.

अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अरॉन्सन यांनी १९९५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत असाच परिणाम दाखवला. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की या विषयावरच्या नंतरच्या काही मोठ्या प्रयोगांत हा परिणाम लहान आढळला किंवा आढळलाच नाही. म्हणून "जातीमुळे आपण कमीच पडणार" असा अर्थ कुणी काढू नये. अर्थ उलटा आहे. जात आठवून दिली नाही तेव्हा फरक नव्हता. म्हणजे कमतरता मुलात नव्हती.

गरिबीचेही असेच. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४६४ शेतकरी होते. कापणीआधी हातात पैसा नसताना आणि कापणीनंतर पैसा आल्यावर, अशी एकाच माणसाची दोनदा बौद्धिक चाचणी घेतली. पैशाची चणचण असताना गुण कमी आले. घरभाड्याचा आणि फीचा हिशेब डोक्यात चालू ठेवून अभ्यास करणारा मुलगा त्याच परीक्षेत एक ओझे जास्त घेऊन बसलेला असतो.

म्हणून आम्ही अतिविचाराला केवळ व्यक्तीचा दोष मानत नाही. जागा कमी निघतात, भरती रखडते, निकाल लांबतात, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही. या गोष्टींसाठी मोर्चाच काढावा लागतो, ध्यान करून त्या सुटत नाहीत. पण मोर्चाची मागणी मान्य होईपर्यंत परीक्षा तर द्यायचीच आहे. म्हणून दोन्ही कामे सोबत चालवावी लागतात.

निर्णय का अडतो

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, एक साधी गोष्ट मांडली: माणसाकडे वेळ आणि माहिती मर्यादित असते, त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला पर्याय घेतो, आणि बहुतेक वेळा तेच शहाणपणाचे असते. सायमन यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले.

पुढे बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधर विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक पर्याय चाळून "सर्वात उत्तम"च्याच मागे लागलेल्यांना सुरुवातीचा पगार सुमारे २० टक्के जास्त मिळाला. तरीही ते स्वतःच्या निवडीवर कमी समाधानी होते आणि शोधाच्या काळात जास्त त्रस्त होते. इकडेही आपण हेच बघतो. पोलीस भरती की तलाठी, पुण्याला जाऊन क्लास की इथेच अभ्यास, अजून एक प्रयत्न की खासगी नोकरी, या प्रश्नांवर दोन-दोन वर्षे निघून जातात. निर्णय न घेणे हाही निर्णयच असतो, फक्त तो आपल्या नकळत घेतला जातो.

उत्तर बदलावे की नाही

"पहिले उत्तर बदलू नये" हा सल्ला सगळेच देतात. २००५ मध्ये जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या १,५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतले बदल तपासले. ५१ टक्के बदल चुकीवरून बरोबरकडे गेले, २५ टक्के बरोबरवरून चुकीकडे, उरलेले चुकीवरून चुकीकडेच. म्हणजे बदल सरासरीने फायद्याचा ठरला. तरी आपल्याला उलटेच का आठवते? बरोबर असलेले उत्तर बदलून चुकवले की ते मनाला टोचत राहते आणि तेवढेच लक्षात राहते.

यातून नियम असा निघतो: ठोस कारण सापडले, प्रश्नातला "नाही" शब्द वाचायचा राहिला होता, गणितात चूक दिसली, तर उत्तर बदला. नुसती धाकधूक होते आहे म्हणून बदलू नका, आणि तेच उत्तर तिसऱ्यांदा तपासत बसू नका.

नेगेटिव्ह मार्किंगची भीतीही आकड्यांत बघावी. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ जातो. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळले तर उरलेल्या दोनांतून एक निवडल्यास सरासरीने १.५ गुणाचा फायदा आहे. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात, तिथेही हाच हिशेब लागू पडतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे तिथे प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा. हा हिशेब आणि जाहिरातीतला नियम घरी बघून ठेवायचा, परीक्षेच्या खोलीत नाही.

धम्म काय सांगतो

मराठीत प्रपंच म्हणजे संसार. पालीत पपंच या शब्दाचा अर्थ वेगळा आहे: मनाने एका गोष्टीचा केलेला पसारा. मज्झिम निकायातल्या मधुपिंडिक सुत्तात ही साखळी सांगितली आहे. इंद्रियाचा विषयाशी स्पर्श, त्यातून वेदना, त्यातून संज्ञा, त्यातून विचार आणि विचारातून पसारा. आणि शेवटी तो पसाराच माणसावर चालून येतो. आजच्या भाषेत सांगायचे तर मित्राच्या निवडीचे स्टेटस दिसले, छातीत धस्स झाले, "मी मागे राहिलो" वाटले आणि रात्रीचे दोन वाजले.

संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तातला दृष्टांत आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकला असेल. दुःख हा पहिला बाण. त्यावर शोक करत, स्वतःला कोसत माणूस दुसरा बाण स्वतःच लावून घेतो. निकाल लागला नाही हा पहिला बाण. "मी कशाच्याच लायक नाही" हा दुसरा.

पाच नीवरणांपैकी दोन थेट आपल्या विषयाची आहेत. उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे अस्वस्थता आणि केल्या-न केल्याची टोचणी. विचिकिच्छा म्हणजे शंका, निर्णय न होणे. संगारव सुत्तात पाण्याच्या भांड्याची उपमा येते: अस्वस्थ मन वाऱ्याने हललेल्या पाण्यासारखे, शंकेखोर मन अंधारात ठेवलेल्या गढूळ पाण्यासारखे. दोन्हींत आपला चेहरा दिसत नाही.

सोण थेरांची गोष्ट तर जणू परीक्षार्थींसाठीच आहे. श्रीमंत घरातले सोण भिक्खू झाले आणि चंक्रमण करून करून त्यांचे पाय फुटले. तरी यश येईना, तेव्हा "घरी परत जावे, दान करावे" असा विचार सुरू झाला. ते पूर्वी वीणा वाजवत. भगवान बुद्धांनी त्यांना तेवढेच विचारले: तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? बारा-बारा तास बसून, झोप मोडून, एकही सुटी न घेता अभ्यास करणाऱ्याने आपली तार तपासून बघावी.

आणि वितक्कसंठान सुत्तात नकोसे विचार हाताळण्याच्या पाच रीती दिल्या आहेत: त्या जागी चांगला विचार आणणे, त्या विचाराचा तोटा बघणे, त्याकडे लक्ष न देणे, तो कशातून उठला त्याचे मूळ शोधून त्याला मंद करणे, आणि काहीच जमले नाही तर निग्रहाने आवरणे. क्रम लक्षात घ्या. जबरदस्ती शेवटी येते. आपण मात्र सुरुवातच तिथून करतो.

एकवीस वर्षांचा विचार

दीर्घ विचार आणि अतिविचार यांतला फरक बघायचा तर बल्लारपूरपासून फार दूर जायला नको. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, नागपूरनंतर दोनच दिवसांनी. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे चंद्रपूर ते हेच.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. मध्ये एकवीस वर्षे. याला कुणी दिरंगाई म्हणेल काय? १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची बाजू लोकांपुढे तपशिलाने मांडली. १९५० मध्ये श्रीलंकेत आणि १९५४ मध्ये रंगूनला जाऊन बौद्ध परिषदांना हजेरी लावली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा उभी केली. ग्रंथ लिहिला. दर टप्प्यावर काहीतरी ठरले, काहीतरी बाहेर आले. "सोडायचे" हा निर्णय पक्का झाल्यावर त्यावर पुन्हा रवंथ नव्हता, उरला होता तो "कुठे जायचे" याचा अभ्यास. आणि अभ्यास पुरा झाल्यावर तारीख ठरली.

आपल्या विचाराला हीच कसोटी लावावी: गेल्या महिन्यात त्यातून काय बाहेर आले? काहीच नसेल तर तो रवंथ आहे.

शिखरावरचा निर्णय

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यांचा सराव ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असा टप्प्याटप्प्याने झाला. चमूतले सगळे शिखरापर्यंत गेले नाहीत, आणि त्यात कमीपणा काही नाही. उंचावर प्राणवायू कमी, मेंदू थकलेला, अशा वेळी निर्णय चुकतात. म्हणून गिर्यारोहक परत फिरण्याची वेळ खाली असतानाच ठरवतात. ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असले तरी वळायचे.

स्पर्धा परीक्षेच्या वाटेवरही परत फिरण्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी, मन ताजे असताना, घरच्यांशी बोलून. किती प्रयत्न, कुठल्या वर्षापर्यंत, आणि त्यानंतर दुसरी वाट कोणती. हे लिहून ठेवले की रोज रात्री तोच प्रश्न सोडवावा लागत नाही.

आम्ही काय करतो

आमच्या अभ्यासिकेत जे उपयोगी पडले ते सांगतो.

पेपरआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहा. जेरार्डो रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ च्या प्रयोगांत अशी भीती लिहून काढणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. कागद कुणाला दाखवायचा नाही.

चिंतेला वेळ नेमून द्या. संध्याकाळी वीस मिनिटे, त्याआधी आली तर वहीत नोंदवा आणि पुढे चला.

"जर-तर" वाक्ये ठरवा. "जर एका प्रश्नावर दीड मिनिट गेले, तर खूण करून पुढे." पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार अशी वाक्ये आधीच ठरवली की ऐन वेळी निर्णय घ्यावा लागत नाही, तो घेतलेलाच असतो.

परत फिरवता येणारा निर्णय लवकर घ्या, न फिरवता येणारा सावकाश. कुठले पुस्तक वापरायचे यावर एक दिवस पुरे. शेत विकून फी भरायची की नाही यावर महिना लागला तरी चालेल.

सराव चाचणी परीक्षेसारखीच द्या: तीच वेळ, तेच घड्याळ, फोन बाहेर. मनाला दडपणाची सवय होते.

रोज आनापान करा, पंधरा मिनिटे. विचार थांबवायला नाही, तर "हा विचार आला" एवढे ओळखायला.

आणि आपसात बोला. आमच्या अभ्यासिकेत रविवारी वंदनेनंतर अर्धा तास फक्त याच गप्पा असतात. तिथे कुणी कुणाला उपदेश करत नाही. ज्याची दोन वर्षे गेली तो सांगतो, बाकीचे ऐकतात. त्या मित्राने उत्तरपत्रिकेची गोष्ट तिथेच सांगितली. आता तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो: एक उत्तर, एकदाच तपासायचे.

शेवटी एक गंभीर गोष्ट. झोप उडाली, जेवण जात नाही, आठवडेच्या आठवडे कशात मन लागत नाही किंवा जगावेसे वाटत नाही, तर तो अतिविचार नाही, आजार आहे. त्याला डॉक्टर लागतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. शासनाचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ दिवसरात्र आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येते. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो, तसेच हे.

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. या तिन्ही गोष्टींना शांत आणि ठाम मन लागते. ते जन्मतः कुणाकडे नसते. सरावाने येते, आणि सोबत बसल्याने लवकर येते. तुमच्या गावातल्या विहारात अशी अर्ध्या तासाची बैठक नसेल तर येत्या रविवारी सुरू करा.

नमो बुद्धाय, जय भीम.